पूररेषा शाळेत कधी पोहोचणार?

हवामान बदल हा शाळेत स्वतंत्र विषय असावा का, यावर महाराष्ट्रात अधूनमधून वाद झडतो आणि त्यातले दोन्ही बाजूंचे मुद्दे आता बहुतेकांना पाठ झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे केले, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषयही आला, पण त्याला नुसती श्रेणी असल्याने तो प्रकल्पाची वही भरण्यापुरता उरला, अशी एका बाजूची तक्रार असते. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांच्या कर्माचा धडा कोकणातल्या पोरांनी का गिरवायचा, असे दुसरी बाजू विचारते. मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये माणशी कार्बन उत्सर्जन भारताच्या तिपटीहून अधिक आहे, तेव्हा इथे बसून या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे मला शोभणार नाही. प्रश्न रास्तच आहे. मात्र दोष कोणाचा याचा निकाल लागेपर्यंत नदी थांबत नाही, आणि माझ्या मते शिक्षणाचा विचार तिथून सुरू व्हायला हवा.

जुलै 2021 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन पूर आले. मध्यावर नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला खूल नदीने फाल्कनबर्ख हे गाव बुडवले, तर 22 तारखेला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली आणि बहादूरशेख नाक्याजवळच्या पुलाचा भाग कोसळला. शेजारच्या जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात त्याच आठवड्यात 130 हून अधिक माणसे दगावली, पण नेदरलँड्समध्ये पुराने एकाचाही बळी घेतला नाही. हे ऐकले की आपल्याकडची मंडळी लगेच इथले बंधारे आणि समुद्राला अडवणारी दारे दाखवू लागतात. 1953 च्या पुरात 1,836 माणसे गेल्यावर ती उभी राहिली, हे खरे आहे. परंतु खूलच्या काठी तसे अजस्र बांधकाम काहीच नव्हते.

पाण्याविषयीची समज इथे मुख्यतः शाळेच्या बाहेर तयार होते. पाण्याची पातळी आणि बांध सांभाळणाऱ्या 21 स्थानिक मंडळांचे बहुतेक सदस्य निवडणुकीने येतात, आणि घरपट्टीसारखेच या मंडळाच्या कराचे बिल दरवर्षी घरोघरी येते. पत्त्याचा पिनकोड टाकला की बांध फुटल्यास आपल्या घरात किती पाणी चढेल, हे सांगणारे सरकारी संकेतस्थळ आहे. पोहण्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी मुलांना कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याच्या वेशात पडत नाही. या कशावरही ‘जनजागृती’ असा फलक नसतो.

तरीही इथल्या लोकांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. व्यवस्था इतकी चोख आहे की सामान्य माणूस निर्धास्त झाला आहे. वीज गेली तर तीन दिवसांचे पाणी घरात असावे, हेसुद्धा सरकारला पत्रके काढून सांगावे लागते. समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली घर असलेले माझे शेजारी त्याविषयी अगदी शांत असतात. चिपळूणचा दुकानदार असा बेफिकीर राहू शकत नाही. वर घाटमाथ्यावर किती कोसळते आहे, कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीतून किती सुटले आहे आणि दाभोळच्या खाडीला भरती किती वाजता आहे, या तिन्हींचा हिशेब जुळला की माल पोटमाळ्यावर चढवायचा, हे त्याला उपजतच कळते. 2021 मध्ये हा हिशेबही कोलमडला आणि सोडलेल्या पाण्याने पूर किती वाढला यावरून वाद पेटला, हे खरे. पण असे ज्ञान गावात असताना मुलांच्या हाती ध्रुवीय अस्वलाचे चित्र आणि पाच जूनच्या घोषणा द्यायच्या, याला शिक्षण कसे म्हणावे?

चिपळूणकरांच्या घरात पूररेषा पोहोचली तीही धाकाच्या रूपाने. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. गावाचा मोठा भाग त्या रेषांत सापडला, बांधकाम परवाने अडकणार हे दिसू लागले आणि लोकांनी विरोध केला. आधी वाशिष्ठीतला गाळ उपसा, मग रेषा आखा, अशी मागणी करत 2021 च्या डिसेंबरमध्ये ते उपोषणाला बसले. मागणी चुकीची नव्हती, गाळ काढल्याने नदीला वाट मिळते. मात्र या सगळ्या गदारोळात, आपली शाळा निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे सातवीतल्या मुलीला कोणी सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा यांतले काहीही न करता हे होऊ शकते. 2014 च्या सुमारास तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार निघाली, म्हणजे मुलाला त्याचाच जिल्हा शिकवायचा हे राज्याने एकदा मान्य केले आहे. तेच तत्त्व वरच्या वर्गांत नेऊन भूगोलाच्या तासाला जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा भिंतीवर लावावा, मुलांनी 2005 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा घरोघर मोजाव्यात आणि जुन्या दुकानदारांना विचारून वर्गात मांडाव्यात. शिक्षकांवर आधीच जनगणना आणि निवडणुकीची कामे लादलेली असतात, म्हणून मोजपट्टी आणि नकाशा नगरपरिषदेने पुरवावा.

अडचण खर्चाची नाहीच. घर पूररेषेत आहे हे मुलगी घरी येऊन सांगू लागली तर जागेचा भाव उतरेल, ही भीती बिल्डरला आहे तशीच सामान्य घरमालकालाही आहे. इथे नेदरलँड्समध्येही पुराच्या धोक्याचा घरांच्या किमतीवर काय परिणाम होतो, यावर बँका आणि घरमालक बोलू लागले आहेत. फरक एवढाच की पाणी किती चढेल तो आकडा इथे आधीच सगळ्यांसमोर आहे, त्यामुळे भांडण पुढे काय करायचे यावर होते.