मूर्ती ठेवली की पैसा जातो?

एक संदेश सध्या खूप फिरतोय. 'मूर्तिपूजा करणाऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, इस्राएलचं तेच झालं. मूर्ती टाका, भरभराट होईल. कर्जात असाल तर घरात कुठली मूर्ती आहे ते शोधा.' आधार बायबलचा दिलाय, म्हणून बायबलच उघडू.

इस्राएलबद्दलचं म्हणणं निम्मं खरं आहे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, धान्य, द्राक्षारस, तेल मी दिलं, सोनं-रुपंही माझंच आणि ते गेलं बआल या दुसऱ्याच दैवताला. आता मी परत घेईन. संदेश इथे थांबतो. अध्याय थांबत नाही. पुढे तोच देव इस्राएलला, म्हणजे या अध्यायातल्या त्याच्या बायकोला, रानात नेऊन तिची समजूत काढतो, द्राक्षमळे परत देतो. हे दुखावलेल्या नवऱ्याचं बोलणं आहे, सावकाराची जप्ती नव्हे. आणि ते सगळ्या राष्ट्राला उद्देशून आहे.

'मूर्ती टाका, भरभराट होईल' हे मात्र साफ चूक. यहूदाच्या हिज्कीया राजाने उच्च स्थानं, म्हणजे उंचावरची पूजास्थळं, मोडली, मोशेने केलेला पितळी सापसुद्धा फोडला. पुढे इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. त्याची खंडणी ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं आणि ३० किक्कार सोनं. ती भरायला हिज्कीयाने मंदिराच्या दारांवरचं सोनं उतरवून दिलं! त्याच्या मुलाने, मनश्शेने, बआलाच्या वेद्या पुन्हा उभारल्या आणि तरी ५५ वर्षं राज्य केलं. (तो पुढे कैद झाला, पस्तावला, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, राजांच्या पुस्तकात नाही.)

हाच हिशेब उलटा मांडणारेही बायबलमध्ये भेटतात. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४४वा अध्याय बघा. मिसरात (इजिप्तमध्ये) पळून गेलेले लोक संदेष्ट्याला तोंडावर सांगतात: आकाशराणी या देवीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खात होतो, ते सोडलं आणि सगळ्याचीच वानवा झाली. यिर्मया त्यांना खोडून काढतो, पण खिशावरून देव ओळखायची खोड दोन्हीकडे सारखीच.

राहिला कर्जबाजारी माणसाच्या घराचा झाडा. बायबलमधल्या सज्जन ईयोबाची ७,००० मेंढरं, ३,००० उंट गेले, तेव्हा मित्रांनीही त्याचं पाप शोधायला घेतलं. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच. ईयोबाला दुप्पट परत मिळालं ना, असं कुणी म्हणेल. मिळालं, पण त्याच मित्रांसाठी त्याने प्रार्थना केली तेव्हा.