कर्मचाऱ्यांना श्वास घ्यायला कसं शिकवावं

कंपनीत माइंडफुलनेस, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून वर्तमान क्षणात राहायचा सराव, आणायचंय? आधी वेळ ठरवा: दुपारी एक ते पावणेदोन. ही वेळ डब्याची, कंपनीची नव्हे. त्यामुळे टाइमशीटवर कुठला कोड टाकायचा हा प्रश्नच मिटतो.

उपस्थिती ऐच्छिक ठेवा. न येणाऱ्यांची यादी मॅनेजरला पाठवा.

मूळ अभ्यासक्रमाच्या नादी लागू नका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला कार्यक्रम ८ आठवड्यांचा: आठवड्याला अडीच तास वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव, शिवाय एक आख्खा दिवस मौनाचा. कुणाला वेळ आहे? त्यातली मनुका तेवढी उचला. एकच मनुका न्याहाळायची, हुंगायची, सावकाश चावायची. २०० माणसांना पाव किलो पुरते.

डोळे मिटायची सक्ती करा. जाणकार शिक्षक आधीच सांगतो की डोळे उघडे ठेवा, मध्येच उठून जा, काही बिघडत नाही; कारण मिटल्या डोळ्यांपुढे काहींना नको ते आठवतं, धडधड वाढते. पण तो पैसे घेतो. एचआरमधल्या कुणाला तरी यूट्यूब लावायला सांगा.

लॅपटॉप जागेवर ठेवून यायला सांगा. पाच मिनिटं माउस हलला नाही की टीम्स या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवरचा हिरवा ठिपका पिवळा होतो. श्वास दहापर्यंत मोजणं जेमतेम जमायला लागतं आणि खिशात फोन थरथरतो: 'आर यू देअर?' मग एक डोळा किलकिला करून वर्तमान क्षणात राहायचं. रात्री साडेनऊला क्लायंटचा कॉल, अकराला 'क्विक सिंक', सकाळी नऊला स्टँडअप. तिघांचं काम दोघांवर, कारण तिसऱ्याने पेपर टाकले आणि जागा भरायचीच नाही असं वरून ठरलंय. रजेचा अर्ज तीन आठवडे पेंडिंग. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर नाकाने आत घ्या, तोंडाने सोडा!

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. असल्या कार्यक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसले नाहीत. २०२४ चा हा निष्कर्ष अहवालात घालू नका. फोटो घाला.

पुरे. ध्यानाशी भांडण नाही. इगतपुरीला विपश्यनेसाठी लोक फोन जमा करून दहा दिवस बसतातच की, पण आपण होऊन. तुम्ही मात्र स्वतः लावलेल्या आगीचा धूर कसा शांतपणे आत ओढावा, हे लोकांना शिकवताय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार गळून जाण्याचा, संबंध जोडला तो कामाच्या ताणाशी, कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांशी नव्हे. माणसं भरा. रात्रीचे कॉल आळीपाळीने लावा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या. रजा वेळेत मंजूर करा. रजेवरच्या माणसाला फोन करू नका. सत्र घ्यायचंच असेल तर कामाच्या वेळेत घ्या, हजेरी न मांडता. आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला 'सोमवारी सकाळी हवंय' अशी मेल टाकून खाली 'हॅव अ माइंडफुल वीकेंड' लिहायचा निर्लज्जपणा आधी बंद करा.