वाढदिवस एकाचा, बिलाचा ताप सगळ्यांना

न्यूयॉर्कमध्ये आठ जणांनी वाढदिवसाला बाहेर जेवायचं ठरवलं की दरवेळी तेच रामायण! टेबल सातचं, मंडळी उगवणार पावणेआठला. अहो, बऱ्याच ठिकाणी सगळे आल्याशिवाय बसवतच नाहीत आणि पंधरा-वीस मिनिटांत टेबल दुसऱ्याला देऊन टाकतात. केक घरून न्यायचा तर आधी फोन करा. कापून वाढायचे माणशी पैसे लावणारी रेस्टॉरंट्स आहेत.

पण खरा संताप बिलाचा. खाणंपिणं 400 डॉलर, त्यावर 8.875 टक्के विक्रीकर म्हणजे 35.50. सहा किंवा जास्त माणसं असली की अनेक जागी 20 टक्के टिप, म्हणजे 80, आधीच लावलेली असते. एकूण 515.50. ती 'ग्रॅच्युइटी'ची, म्हणजे या टिपचीच, ओळ कोणी वाचतच नाही! खाली टिपची रिकामी जागा दिसली की कार्डवाला आणखी 80 लिहून मोकळा.

वर 'सरळ सातांत भागा'. उत्सवमूर्तीला वगळून प्रत्येकी 73.64. ज्याने 18 डॉलरची डाळ आणि नळाचं पाणी घेतलं, त्याचे कर-टिपसह होतात 23.20. उत्सवमूर्तीच्या जेवणाचा वाटा धरूनही पस्तिशीच्या आत. बाकीचे दुसऱ्यांच्या कॉकटेलचे! तो चारचौघांत बोलत नाही, पुढच्या वेळी येतच नाही. दारूचं बिल वेगळं ठेवायला पहिल्या ऑर्डरलाच सांगा ना! शेवटी सात कार्डं पुढे केलीत तर वेटर काय करणार?