खवले मांजराची शेती: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की आशियातील खवले मांजरांवरच्या (म्हणजे अंगभर खवले असलेल्या पँगोलिन या प्राण्यावरच्या) लेखात मी केवळ बंदी आणि शिक्षा यांवर भर दिला; त्यापेक्षा थायलंडमध्ये मगरी पाळतात तशी ही जनावरे पाळून त्यांचे खवले रीतसर विकू दिले, तर जंगलातली वाचतील आणि गावकऱ्यांनाही चार पैसे मिळतील. गावकऱ्यांच्या मिळकतीविषयीची आपली कळकळ मला पटते, पाळण्याचा मार्ग मात्र पटत नाही, आणि त्याचे मुख्य कारण या प्राण्याचा आहार हे आहे.

खवले मांजराला दात नसतात. मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी व अळ्या यांवरच ते जगते. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी ते वारूळ फोडते, चिकट जीभ आतल्या वाटांमधून फिरवते आणि चवताळलेल्या मुंग्या आत शिरू नयेत म्हणून त्या वेळी नाकपुड्या व कान मिटून घेते. गिळलेले भक्ष्य पोटातल्या बारीक खड्यांनी भरडले जाते. असे जिवंत अन्न रोज रात्री हजारोंच्या संख्येने पुरवणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणार नाही. बदली खाद्य दिले तर पचन बिघडते, आणि पकडल्याच्या धास्तीने कित्येक जनावरे खाणेच सोडतात. तैपेईच्या प्राणिसंग्रहालयात चिनी खवले मांजरांची पैदास झाली आहे, हे खरे. परंतु ते तज्ज्ञांच्या दीर्घ परिश्रमांचे फळ आहे, व्यवसायाचा नमुना नव्हे. शिवाय मगर एका वेळी डझनावारी अंडी घालते, तर खवले मांजराच्या मादीला बहुधा एकच पिल्लू होते. त्यामुळे जंगलातून पकडून आणणे हेच कायम स्वस्त राहील, आणि ‘पाळलेल्या जनावराचा माल’ हा शिक्का चोरट्या मालाच्याच उपयोगी पडेल.

या व्यापाराची भूक केवढी आहे, तेही पाहावे. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला काही दिवसांच्या अंतराने पकडलेल्या दोन खेपांत मिळून २५ टनांहून अधिक खवले होते; नायजेरियातून निघालेला हा माल व्हिएतनामला जायचा होता. आशियातली जनावरे विरळ झाली, तसा व्यापार आफ्रिकेकडे वळला. आणि औषध म्हणून खपणारे हे खवले म्हणजे आपल्या नखांत असते तेच केराटिन! आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत बंदीचा निर्णय झाला, २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीच्या कच्च्या द्रव्यांतून खवले वगळले, आणि आपल्याकडे हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. या निर्णयांनी मागणीची प्रतिष्ठा तरी कमी होते. कायदेशीर विक्रीने ती पुन्हा वाढेल.

आपण सर्वत्र ‘जंगलातली’ असा शब्द वापरला आहे. भारतीय खवले मांजर घनदाट अरण्यापुरते मर्यादित नाही. कोकणात ते खासगी रानात आणि बागांच्या कडेलाही आढळते, कारण जिथे वाळवी आणि बीळ खणण्याजोगी माती असते, तिथे त्याचे भागते. दिवसा ते बिळात शिरून आतून तोंड मातीने बुजवते, आणि ही ताजी उकरलेली मातीच शिकाऱ्याला पत्ता देते. धोका दिसताच अंगाचा चेंडू करण्याची त्याची युक्ती बिबट्यापुढे चालते, पण माणूस तोच चेंडू उचलून पोत्यात भरतो.

म्हणूनच गावकऱ्यांच्या मिळकतीचा आपला मुद्दा मी सोडून देणार नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला कासव महोत्सवाच्या निमित्ताने गावात पर्यटन उभे केले, आणि हीच संस्था खवले मांजरांसाठीही गावोगावी काम करते. हा प्राणी निशाचर आणि लाजाळू असल्याने त्याचा महोत्सव भरवता येणार नाही. पण बिळांची राखण, कॅमेरा ट्रॅपची (प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची) देखभाल, वणवे रोखणे ही कामे गावातल्याच माणसांना नियमित मानधनावर देता येतील. ज्याला बिळाची जागा ठाऊक आहे, त्याला ती राखण्याचे पैसे मिळावेत, अशी माझी मागणी आहे, आणि तिच्यावर आपले मत वाचायला मला आवडेल.