स्पॉकची वाटणी आणि माझी जिलबी

परवा सांगलीत एका लग्नात माझी जिलबी हुकली. एकदा नव्हे, दोनदा. कारण स्टार ट्रेक, ती अंतराळयानातल्या मंडळींची अमेरिकन मालिका. घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, मठ्ठा तरी मिळाला ना?" डोकं दुखत असताना पाय चेपून द्यायची तिची जुनी सवय आहे.

विश्रामबागेतलं कार्यालय. हल्ली सगळीकडे बुफे असतो, पण मुलीकडच्यांनी हौसेनं केळीची पानं मांडून पंगत धरली होती. माझ्या डावीकडे पुण्याचा भाचा. उजवीकडे नवरीकडचे कुणी आजोबा, काळी टोपी, जाकीट, कानात यंत्र. वरणभात सरला आणि भाच्यानं विचारलं, "मामा, नवीन स्टार ट्रेक बघितलंस का?"

हा प्रश्न मला जेवताना विचारू नये.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. गणपती पेठेत शेजाऱ्यांकडे काळा-पांढरा टीव्ही होता, त्यांच्या उंबऱ्यात बसून मी ती बघितली. अमेरिकेत ती 1966 ला सुरू होऊन 79 भागांनंतर 1969 मध्ये गुंडाळली होती. म्हणजे आमच्या गल्लीत ताजी म्हणून आली ती मुळात शिळीच. आम्हाला काय त्याचं! इंग्रजी चार आणे कळायचं, बाकी बारा आणे आम्ही घरून घालायचो. पुढे कॉलेजात कुणीतरी सांगितलं की त्यात लाल शर्टवाला माणूस परग्रहावर उतरला की हमखास मरतो, सगळ्या जगाला हे ठाऊक आहे. आम्हाला कुठलं? आमच्या टीव्हीवर सगळेच शर्ट करडे. कोण मरणार हे शेवटपर्यंत कळायचं नाही. अशी उत्कंठा रंगीत टीव्हीवाल्यांच्या सात पिढ्यांना लाभायची नाही.

तर भाच्याचं म्हणणं, 2017 पासून जे नवं सुरू झालं तेच खरं स्टार ट्रेक. माझं जुनं म्हणजे पुठ्ठ्याचे खडक. मी म्हटलं, खडक पुठ्ठ्याचे होते, पण नाती तरी पक्की होती. तुमच्या नव्या मालिकेत स्पॉकला, म्हणजे यानावरच्या त्या टोकदार कानांच्या परग्रहवासी अधिकाऱ्याला, एकदम दत्तक बहीण काढली. 1966 पासून आजवर त्या स्पॉकच्या, त्याच्या बापाच्या, आईच्या, कुणाच्याही तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं!

इथे उजवीकडचे आजोबा माझ्याकडे वळले.

"दत्तक बहीण?" त्यांनी यंत्राची कळ फिरवली. "आत्ता उगवली?"

"हो ना."

"सातबाऱ्याला नाव लागलंय का तिचं?"

मी म्हटलं, आजोबा, तसं नाही, ही मालिका आहे. पण भाचा जोरात होता. "मामा, 1989 च्या सिनेमात स्पॉकला सावत्र भाऊ काढला होता, तेव्हा नाही कुणी बोललं?"

"सावत्र भाऊही आहे?" आजोबांनी भाताचा घास पानावर परत ठेवला. "मग हे कोर्टाशिवाय मिटत नाही. वडील काय करतात?"

"वकिलात सांभाळतात," भाचा म्हणाला. खरंच आहे ते, स्पॉकचा बाप राजदूत असतो. आजोबांनी 'वकील' एवढंच ऐकलं.

"वकिलाच्याच घरात असं होतं," ते म्हणाले. "मिरजेचे का?"

भाचा तोंडावर हात धरून हसत होता. मला हसू येत नव्हतं, कारण मुद्दा माझा होता आणि तो आजोबांच्या हातात गेला होता. मी समजावायला गेलो, की स्पॉक हे पात्र आहे, मूळ नट 2015 साली वारले, आता तिसरा नट ते काम करतो. 'नट' हा शब्द मात्र त्या यंत्रातून आरपार गेला.

"असं होय! नाटक आहे होय! मग आधी नाही का सांगायचं!"

झालं. सांगलीच्या माणसापुढे नाटक हा शब्द काढू नये. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' केलं, ते जणू यांच्याच ओसरीवर झालं होतं. मूळ नट गेल्यावर भूमिकेचं काय होतं, पदं कशी कापतात, पाचला उजाडायला संपणारं नाटक अडीच तासांत कसं उरकतात, हे सगळं मला मसालेभात थंड होईपर्यंत ऐकावं लागलं. मध्येच म्हणाले, "कान खरे होते का हो त्या पहिल्याचे?" भाच्यानं मोबाइलवर फोटो दाखवला होता वाटतं. खोटेच, मी म्हटलं. चॅनेलवाले त्या टोकदार कानांना इतके घाबरले होते की जाहिरातीच्या पुस्तिकेत त्यांनी ते खोडून गोल करून घेतले. "शेंदूर जास्त झाला की प्रेक्षक घाबरतो," आजोबा म्हणाले. काय उत्तर देणार?

मग भाच्यानं क्लिंगॉन काढले. हे मालिकेतले परग्रहावरचे दुष्ट लोक. 1967 साली त्यांची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी सपाट होती, 1979 च्या सिनेमात कपाळावर डोंगररांगा उठल्या, 2017 ला डोक्यावरचे केसही गेले. मधल्या काळात एकदा मालिकेतच क्लिंगॉनला हे विचारलं तर त्यानं घरचा मामला म्हणून विषय टाळला, आणि 2005 साली साथीच्या रोगाचं कारण दिलं गेलं. या एका कपाळावर मी आणि भाचा तीन दिवाळ्या भांडलोय.

"रंगभूषा बदलली," आजोबा म्हणाले, "म्हणजे कंपनीकडे पैसे आले."

एवढंच. आमच्या तीन दिवाळ्या! आणि चिडण्यासारखी गोष्ट ही, की खरं कारण तेच आहे. माणूस चमचमत विरघळून खाली ग्रहावर उगवतो ना, तेसुद्धा यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून. हे आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी नारद काढला असता. मी गप्प बसलो.

भाचा मात्र गप्प बसेना. 1987 साली पुढच्या मालिकेत टक्कल पडलेला कप्तान आणला तेव्हाही जुने लोक असेच कुरकुरले, म्हणाला, आणि आज त्याच मालिकेच्या आठवणीनं गळे काढतात. बरोबर आहे त्याचं. पंगतीत बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. आणि मग तो म्हणाला, "मामा, खरं सांगू? ते तुझ्यासाठी बनवलेलंच नाहीये."

आता बघा. 1966 सालचं तरी कुठं माझ्यासाठी बनवलं होतं? गणपती पेठेतलं एक पोरगं शेजाऱ्यांची बोलणी खात उंबऱ्यात बसून हे बघेल, असं हॉलिवूडात कुणाच्या डोक्यात होतं? मी न विचारता घेतलं ते. आणि आज दर महिन्याला पैसे मोजून बघतोय, एक भाग या अ‍ॅपवर, दुसरा त्या अ‍ॅपवर, तर माझ्या बहिणीचा मुलगा मला सांगणार की हे तुझं नव्हे! अख्ख्या सांगलीत या विषयावर भांडायला मला दुसरा माणूस नाही. आहे तो एक, पुण्याचा, तोही लग्नसराईत भेटणार, आणि असं बोलून जाणार.

बोलणं वाढू नये म्हणून मी विषय बदलला. म्हटलं, तुझ्या नव्या स्पॉकला तो नमस्कार तरी नीट जमतो का? पंजा उभा, मधल्या दोन-दोन बोटांत फट. मूळ नटानं तो लहानपणी ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादात बघितला होता. दीर्घायुषी हो, भरभराट होवो, असा त्याचा अर्थ. तर तो दाखवायला मी उजवा हात उचलला. माझी बोटं आपणहून फाकत नाहीत, डाव्या हातानं बसवावी लागतात. मसालेभाताची शितं झटकत मी बोटं बसवली, पंजा ताठ समोर धरला, आणि नेमका त्याच वेळी समोर जिलबीची परात आली.

वाढप्यानं पंजा बघितला आणि तो पुढं गेला.

"अहो! ओ!"

"नको म्हणालासा की!" तो मागे न बघता म्हणाला. "हात केलासा न्हवं!"

दुसऱ्या फेरीला मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलो. परात आली. मी तोंड उघडणार तोच आजोबा वाढप्याला म्हणाले, "त्यांना नको रे, मघाशीच त्यांनी हात केला. इकडे वाढ." आणि त्यांच्या पानावर चार जिलब्या पडल्या. त्याच झटक्यात त्यांनी मला विचारलं, "असंच ना हो ते?" आणि दोन्ही हातांची बोटं, बघता बघता, मध्ये फट ठेवून उभी केली. मी चाळीस वर्षं सराव करतोय.

परात पुढं गेली ती गेलीच. भाच्यानं स्वतःच्या दोन्ही संपवल्या होत्या. अर्धी देऊ का, असंही विचारलं नाही.

मठ्ठा पिऊन आजोबा उठले. पानावर चारही जिलब्या तशाच.

"साखर आहे मला," ते म्हणाले, "पण कुणाचा आग्रह मोडवत नाही."