पट 99 वर ठेवा

हेडसर, घाबरून जाऊ नका. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्या शाळेत, क्लासात 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं त्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. रीतसर कायदा होईपर्यंत हेच बंधनकारक. म्हणजे सगळी भानगड पटाची. आणि पट सांभाळण्यात आपला हात कोण धरणार? संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) 104 दाखवा, समुपदेशकाचं विचारलं की 99.

बीडकडच्या हेडसरांना तर खोटं बोलायचीही गरज नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीचे कोयते निघतात, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी आणि वर लेकरं. वर्ग निम्मा रिकामा. लेकरूच जाग्यावर नाही, तर त्याच्या मनाचं कोण बघत बसणार?

100 च्या आत असाल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्या, असंही त्यात आहे. आपल्याकडं ‘बाहेरचं’ म्हटलं की तज्ज्ञ गल्लीतच सापडतो, लिंबू-नारळ तेवढं आपलं. (2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो भिंतीवर रंगवून झालाय.)

शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचंय. ऑनलाइन लावा, आवाज बंद करा, तेवढ्यात खिचडी वाटून होते. ‘मन’ हा विषय सगळ्यात नव्या सरांकडं द्या. त्यांच्याकडं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम आहेच, त्यात हे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक अक्षरांत लावायचाय, तो ऑफिसात कपाटाच्या वर लावा. लेकरांना ऑफिसात यायची बंदी आहेच.

लातूरच्या क्लासवाल्यांना मार्कांवरून शक्यतो तुकड्या पाडू नका म्हणतात. सोपं आहे. ‘अ’ आणि ‘ड’ पुसा, ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ लिहा. चंद्रातल्या पोरांना काय ते कळतं.

सरकारी खर्चानं मानसिक उपचार मिळणं हा 2017 च्या कायद्यानं प्रत्येकाचा हक्क आहे. मागितला तर द्यायचा ना? मागतंय कोण?

आता ती चौथीतली, आईबाप कारखान्यावर गेलेत, आजीजवळ राहिलीय. दिवाळीपासून वर्गात तोंड उघडत नाही, डबा तसाच परत नेते. वर्णनात्मक नोंदी भरायच्या राहिल्यात ना? तिच्यापुढं लिहा : ‘स्वभाव शांत. वर्गात शिस्त पाळते.’