तेरा सर्व्हर, सात किल्ल्या आणि वॉशिंग्टनचे बटण

अमेरिकेशी आपला कशावरूनही खटका उडाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. जगाचे इंटरनेट अवघ्या १३ संगणकांवर चालते, ते सगळे अमेरिकेत आहेत, त्यांच्या किल्ल्या सात माणसांकडे आहेत आणि वॉशिंग्टनने मनात आणले तर एका बटणासरशी भारत अंधारात जाईल, असे त्याचे म्हणणे. यातले आकडे कुठून तरी खरेच उचललेले असल्यामुळे शिकल्यासवरल्या माणसांनाही तो पटतो.

पहिला मुद्दा १३ चा. हा आकडा यंत्रांचा नसून नावांचा आहे. ‘ए’ ते ‘एम’ अशी नावे असलेले हे रूट सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा शोध जिथून सुरू होतो ते. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. पुढे त्यात एका उत्तराला ५१२ बाइटांची मर्यादा आली आणि तेवढ्या जागेत १३ नावे व त्यांचे पत्ते बसत होते, इतकेच त्या आकड्याचे रहस्य. आज एनीकास्ट पद्धतीमुळे यांपैकी एकेका नावामागे अनेक ठिकाणची यंत्रे उत्तर देतात आणि अशा जागा जगभरात दीड हजारांहून अधिक आहेत. मुंबई, चेन्नई आणि नोएडा येथेही त्या आहेत. चालवणाऱ्या संस्था १२. त्यांतल्या नऊ अमेरिकी आहेत हे खरे, पण उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपान येथील आहेत, आणि मुंबईत ‘आय’ नावाच्या रूट सर्व्हरची जी प्रत आहे ती स्वीडनच्या नेटनॉड या संस्थेची.

इंटरनेट या सर्व्हरांवर ‘चालते’ हेही बरोबर नाही. ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ची माहिती कोणाकडे मिळेल, एवढेच ते सांगतात, आणि ते उत्तर आपला इंटरनेट पुरवठादार दोन दिवसांपर्यंत स्वतःच्या स्मरणात ठेवू शकतो. आपला ईमेल किंवा यूपीआयचा व्यवहार त्यांच्यामधून जात नाही. २१ ऑक्टोबर २००२ रोजी तेराही नावांवर एकाच वेळी सुमारे तासभर हल्ला झाला होता. सामान्य वापरकर्त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

सात किल्ल्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण वस्तुस्थिती अफवेपेक्षा जास्त रंजक आहे. रूट सर्व्हर जिच्यावरून उत्तरे देतात त्या डोमेनच्या मूळ यादीतील नोंदी अस्सल असल्याची खात्री पटावी म्हणून २०१० पासून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. त्यासाठीची गुप्त कळ, म्हणजे डिजिटल किल्ली, कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातील कल्पेपर येथे तिजोऱ्यांमध्ये असते. दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या देशांतले सात-सात विश्वस्त नेमलेले असतात आणि त्यांतले किमान तीन हजर असल्याशिवाय काम होत नाही. याखेरीज आणखी सात जणांकडे आपत्कालीन प्रत उलगडणाऱ्या किल्लीचे तुकडे असतात. व्हॉट्सॲपवरचे ‘सात’ बहुधा यांपैकीच कोणते तरी. वर्षातून चार वेळा होणारा हा स्वाक्षरीविधी कोणालाही थेट पाहता येतो, आणि खरे सांगायचे तर तो कमालीचा कंटाळवाणा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोतल्या तिजोरीचे कुलूप बिघडले, ती उघडेना, शेवटी ड्रिल लावावे लागले आणि विधी काही दिवस लांबला. पुढच्या तिमाहीच्या स्वाक्षऱ्या आधीच करून ठेवण्याची पद्धत असल्यामुळे बाहेर कोणाचे काहीच अडले नाही. त्याआधी, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ही कळ बदलली गेली, तेव्हा आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी ‘४८ तास इंटरनेट बंद’ अशी आवई उठवली होती. इंटरनेट चालूच राहिले.

आता बटण. १९९८ च्या जानेवारीत, इंटरनेटवरील नावे व पत्ते यांची नोंद सांभाळणारे जॉन पोस्टेल यांनी एक ईमेल पाठवला आणि तेवढ्यावर आठ रूट सर्व्हरचालकांनी अमेरिकी सरकारशी करारबद्ध असलेल्या कंपनीऐवजी पोस्टेल यांच्या यंत्राकडून मूळ यादी घ्यायला सुरुवात केली. सरकारने हरकत घेतल्यावर पोस्टेल मागे हटले. पण ही व्यवस्था हुकमापेक्षा अभियंत्यांच्या परस्परविश्वासावर उभी आहे, हे तेव्हा दिसले. यादीवरची अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. मार्च २०२२ मध्ये, युद्ध पेटलेले असताना, रशियाचे ‘.आरयू’ रद्द करण्याची युक्रेनची मागणीही डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने फेटाळली. आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली संस्था असल्यामुळे तिला अमेरिकी कायदा लागू आहे आणि त्याची चिंता वाटणे गैर नाही. पण मूळ यादी सर्वांसाठी खुली असून कोणताही पुरवठादार तिची प्रत स्वतःकडे ठेवू शकतो. ‘.इन’ची नोंद उद्या तिथून गायब झाली, तरी ती आपल्या प्रतीत ठेवण्यापासून भारतीय कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या कोणी अडवू शकत नाही.

प्रत्यक्षात आघात होतात ते दुसरीकडे. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब रोखण्यासाठी केलेली मार्गाची घोषणा, म्हणजे यूट्यूबकडे जाण्याचा रस्ता आपल्याकडून आहे असा इतर नेटवर्कांना जाणारा संदेश, चुकून जगभर पसरली आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत दिसेनासे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातही इंटरनेट मंदावले. आणि भारतात इंटरनेट खरोखर बंद होते ते बहुतेक वेळा केंद्राच्या किंवा राज्याच्या आदेशाने, जो मोबाइल कंपन्यांना पाळावाच लागतो. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेले फोर-जी सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या सगळ्या काळात रूट सर्व्हर नेहमीसारखे चालू होते.